कडीवरच्या तीन ओळी

आमच्या घरातल्या बाथरूमला दोन दारं आहेत. एक आमच्या खोलीत उघडतं, दुसरं सासऱ्यांच्या. ज्याने हे घर बांधलं त्याला बहुधा एकट्याने राहायची सवय असावी. आत गेलं की दोन्ही दारांना आतून कडी लावायची आणि बाहेर पडण्याआधी पलीकडच्या दाराची कडी आठवणीने काढायची, एवढा साधा नियम. पण माणूस आंघोळ उरकून आपल्या दाराने निघून जातो आणि पलीकडचा माणूस रिकाम्या बाथरूमबाहेर खांद्यावर टॉवेल टाकून उभा राहतो. सासरे असे अर्धा अर्धा तास उभे राहिलेले आहेत. दार वाजवणं त्यांच्या स्वभावात नाही.

म्हणून त्यांनी आतल्या भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. लाल शाईत, टपोऱ्या अक्षरात: 'जाताना पलीकडची कडी काढावी.' मला तो कागद बघवत नाही. घर आहे की कचेरी? पाहुणे यायचे असले की मी तो काढून टाकते, पाहुणे गेले की ते नवा लिहून लावतात. या विषयावर आम्ही दोघं आजवर एक शब्द बोललेलो नाही.

मी सी भाषेत प्रोग्राम लिहिते. आमची कंपनी लहान आहे, तळमजल्यावर वर्कशॉप आणि वर आम्ही. दवाखान्यांतल्या फ्रिजचे कंट्रोलर बनवतो. रक्ताच्या पिशव्या, लशी ठेवतात ते फ्रिज. तळहाताएवढ्या बोर्डवर एक चिप असते आणि त्या चिपवर एकाच वेळी तीन कामं चाललेली असतात. पहिलं सेन्सरकडून तापमान घेऊन नोंदवतं आणि त्याप्रमाणे फ्रिज गार करतं, दुसरं ते पडद्यावर दाखवतं, तिसरं तापमान वाढलं किंवा नवा आकडा येईनासा झाला की भोंगा वाजवतं. तिघांची वही एकच. एक जण लिहीत असताना दुसऱ्याने वाचलं, तर अर्धा जुना आकडा आणि अर्धा नवा असं काहीतरी भलतंच हाती लागतं. म्हणून ज्याला वहीला हात लावायचा आहे त्याने आधी कडी लावायची, काम उरकायचं, कडी काढायची. तोवर बाकीच्यांनी बाहेर थांबायचं.

सीमध्ये हे सगळं हाताने करावं लागतं, आणि लोक कडी लावतात तेवढी काढत नाहीत. नऊ वर्षांपूर्वी मी त्यावर उपाय काढला. सीमध्ये मॅक्रो म्हणून एक सोय असते. कोड कंपायलरच्या, म्हणजे चिपला कळेल असं भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती जाण्याआधी त्यातून एक फेरी मारली जाते आणि तुम्ही सांगितलेल्या शब्दाच्या जागी तुम्ही सांगितलेला मजकूर चिकटवला जातो, अर्थबिर्थ न बघता. मी 'कडी' नावाचा मॅक्रो लिहिला. कडी म्हणा, महिरपी कंस उघडा, आत काय करायचं ते करा, कंस बंद करा. आत शिरताना कडी लागते, कंस संपला की आपोआप निघते. आतून ते फक्त एकच फेरी मारणारं लूप होतं, सुरुवातीला कडी लावणारं आणि फेरी पुरी झाली की काढणारं. पण वरून बघणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. सी बनवणाऱ्यांनीच ही सोय दिली असावी, इतकं ते बेमालूम दिसायचं.

खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान होता. चार-साडेचारशे ठिकाणी लोक माझी कडी वापरत होते. ऑफिसात मला कडीबाई म्हणायचे आणि मी वरवर नाक मुरडून आतून खूश व्हायचे. नव्या माणसाला साहेब आधी माझ्या टेबलापाशी आणायचे. "ही आमची कडीबाई. हिचा कोड वाच, निम्मं शिक्षण तिथेच होईल."

सोल्डरभाऊंनी ते शब्दशः घेतलं.

सोल्डरभाऊ म्हणजे खालच्या वर्कशॉपमधले आमचे तंत्रज्ञ. बावीस वर्षं बोर्डवर डाग देत बसलेले. सोल्डरचा वास त्यांच्या शर्टालाच नाही तर डब्यालाही येतो, अशी आमची चेष्टा. वर्षभरापूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, आजार नाही, पण कमीही होणार नाही. केसाएवढ्या पायांच्या चिपा जोडणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे घरी जा म्हणण्यासारखंच. त्यांनी कुणाला काही न सांगता पन्नासाव्या वर्षी सी शिकायला घेतली आणि एक दिवस साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. साहेबांनी सहा महिन्यांची मुदत दिली. जमलं तर वर कायम. न जमलं तर काय, ते कुणी बोललं नाही, कारण खाली त्यांच्या खुर्चीवर तोवर दुसरा माणूस बसला होता.

ते शिकले मात्र मन लावून. शाळकरी दोनशेपानी वही घ्यायची आणि माझा कोड त्यात हाताने उतरवायचा. थरथरत्या अक्षरात, ओळ न ओळ. मी एकदा म्हटलं, "भाऊ, कॉपी-पेस्ट नावाचा प्रकार असतो." ते म्हणाले, "मॅडम, हातातून गेलं की डोक्यात राहतं." मला हसू आलं. बरंही वाटलं. आपला कोड कुणी वहीत उतरवून घेतोय, हे कितीजणांच्या नशिबी येतं?

मुदत संपायला चार दिवस उरले असताना, सोमवारी दुपारी, एका रक्तपेढीतून फोन आला. आमच्या कंट्रोलरवर सकाळपासून चार पूर्णांक एक अंश दाखवत होतं. तिथल्या नर्सला शंका आली, कारण दार कितीही वेळा उघडलं तरी आकडा हलत नव्हता. तिने आत हात घातला तर पिशव्या कोमट. भोंगा वाजलाच नव्हता. एकतीस पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. त्यातलं रक्त कुणाला चढवलं नव्हतं, एवढंच काय ते नशीब. त्या नर्सला मी ओळखत नाही, पण त्या दिवशी तिला मनातल्या मनात किती वेळा हात जोडले असतील, मोजलं नाही.

कारण शोधायला तासही लागला नाही. महिन्याभरापूर्वी सोल्डरभाऊंनी एक बदल केला होता. बावीस वर्षं तारा हाताळल्यामुळे त्यांना एक गोष्ट माहीत होती जी आम्हा वरच्यांपैकी कुणालाच सुचली नव्हती: फ्रिजच्या दाराच्या धक्क्यांनी सेन्सरची तार कधी ना कधी ढिली होते आणि मग वेडेवाकडे आकडे येतात. त्यांनी तपासणी घातली. आकडा अशक्य असेल तर तो वहीत न लिहिता तिथूनच परत फिरायचं. परत फिरणं म्हणजे सीमधलं रिटर्न. हेतू चोख, ओळ चोख. फक्त ती ओळ माझ्या कडीच्या कंसात होती.

लूपची फेरी पुरी झाली तरच माझी कडी निघते. मधूनच रिटर्न घेऊन बाहेर पडलं तर ती लागलेलीच राहते. सोमवारी सकाळी तार ढिली झाली, पहिलं काम मधल्या दाराने निघून गेलं, आणि पडदा व भोंगा दोघेही बाहेर थांबून राहिले. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच, आणि गार करणंही थांबलेलं.

आमच्याकडे नियम आहे की दुसऱ्याने वाचून होकार दिल्याशिवाय कुणाचाही बदल आत जात नाही. त्या बदलाखाली होकार माझा होता.

मंगळवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तू दिवसाला पन्नास बदल बघतेस, एखादा सुटतो," ते म्हणाले. "पण भाऊंचं अवघड आहे. माणूस सोन्यासारखा, पण हे काम वेगळं. शुक्रवारी बसू आणि काय ते संपवू."

मी "बरं" म्हणाले. खरं सांगायचं तर जीव भांड्यात पडला होता. मनाला समजावत होते, की कडीतून रिटर्न करायचं नाही हे कुणालाही माहीत असतं. कडीच्या वर सूचना आहे. मी स्वतः लिहिली आहे. वाचायला नको?

बुधवारी सोल्डरभाऊ माझ्या टेबलापाशी आले. चेहरा उतरलेला, पण वही हातात.

"मॅडम, माझं चुकलं ते कळलं. कडीतून मधेच बाहेर पडायचं नाही."

"नाहीच पडायचं, भाऊ. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं. कुठे लिहिलंय तेवढं दाखवा, उतरवून घेतो."

टोमणा नव्हता तो. त्यांना टोमणा मारता येत नाही. पेनाचं टोपण काढून उभे होते. मी जरा तोऱ्यातच फाईल उघडली, कडी शोधली आणि वर बोट नेलं. कडीच्या वर काहीच नव्हतं. नुसती कडी, स्वच्छ, देखणी.

त्यांनी वहीची मागची पानं उलटली. "माझ्याकडेही एवढंच आहे," ते पुटपुटले. "एखादी ओळ उतरवायची राहिली की काय म्हणून बघितलं."

"दुसऱ्या फाईलमध्ये असेल," मी म्हटलं. "बघून सांगते तुम्हाला."

ते गेले. मी फाईलचा इतिहास उघडला. प्रत्येक बदल कुणी, कधी आणि का केला हे त्यात राहतं, पुसता येत नाही. नऊ वर्षांपूर्वीच्या पहिल्या नोंदीत कडीच्या वर तीन ओळी होत्या: 'सावधान. या कंसातून मधेच रिटर्न किंवा ब्रेक करू नये. कडी लागलेली राहील.' पाच महिन्यांनी त्या निघाल्या होत्या. काढणारी मी. कारणाच्या रकान्यात माझेच शब्द: 'सूचना काढली. गरज नाही. वाचायला स्वच्छ दिसतं.'

आणि मग आठवलं. दुसऱ्या दिवशी साहेब ती कडी सगळ्या कंपनीसमोर भिंतीवर दाखवणार होते. त्या तीन ओळींमुळे ते जुगाडासारखं दिसत होतं. भाषेचाच भाग वाटावं, म्हणून मी त्या काढल्या. गेल्या महिन्यात भाऊंचं रिटर्न माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मला खटकलंसुद्धा नाही, कारण इतक्या वर्षांत ते आतून लूप आहे हे मीच विसरले होते.

मी खिडकी बंद केली. स्क्रीनवरची. कुणी बघितलं नव्हतं. नऊ वर्षं जुन्या नोंदी कोण उकरायला जातो? साहेबांना इतिहास बघण्यात रस नाही आणि भाऊंना अजून तो उघडता येत नाही. दोन दिवस मूग गिळून बसलं की शुक्रवार आपोआप पार पडणार होता. बुधवार मी तसा काढला. गुरुवारही जवळजवळ काढला. जेवणाच्या सुट्टीत भाऊ आले नाहीत. कंपायलरचं जाडजूड मॅन्युअल छापून घेऊन बसले होते. कुणीतरी म्हणालं, "आता कशाला?" त्यांनी ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं.

गुरुवारी संध्याकाळी घरी आले तर सासरे बाथरूमच्या त्यांच्या बाजूच्या दाराशी उभे. खांद्यावर टॉवेल.

"बाबा, किती वेळ झाला?"

"फार नाही. कुणीतरी आत आहे."

मी आमच्या खोलीतून गेले. आमच्या बाजूचं दार सताड उघडं, दिवा बंद, आत चिटपाखरू नाही. पलीकडची कडी लागलेली. मी ती काढली आणि दार उघडलं. आम्ही दोघं समोरासमोर.

"अहो, हाक तरी मारायची!"

"आतल्याला कशाला घाई करायची," ते म्हणाले आणि शांतपणे आत गेले. जाताना पाय अवघडल्यासारखे टाकत होते.

नवरा सोफ्यावर बसून मोजे काढत होता. मी त्याच्यावर तुटून पडले. चाळीशी उलटली, एक कडी काढायची आठवण राहत नाही, बाप तिकडे उभा, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कागद नव्हता ना."

"म्हणजे?"

"कागद दिसला की आठवतं. रविवारी पाहुणे आले तेव्हा तू काढलास, अजून लागला नाहीये. बाबांची लाल शाई संपली असेल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काय झालं? रडतेस काय एवढ्याशासाठी?"

एवढ्याशासाठी नव्हतं, पण त्याला सांगता येईना. मला त्या भोंग्याची दया आली, हे कसं सांगणार? वाजायचं सोडून तो आपला बाहेर उभा, आत कुणीतरी असेल म्हणून. आणि भाऊंची शरम वाटत होती. त्यांनी माझी प्रत्येक ओळ उतरवून घेतली होती, आणि त्यांना लागणाऱ्या नेमक्या तीन मी आधीच फाडून टाकल्या होत्या.

शुक्रवारी दहाला आम्ही तिघं बसलो. साहेबांनी सुरुवात केली तोच भाऊंनी वहीतून दोन कागद काढून टेबलावर ठेवले.

"साहेब, तुम्ही काय म्हणणार ते ठाऊक आहे, माझी तक्रार नाही. जाण्याआधी हे देऊन जातो." कागद धरलेला हात थरथरत होता, आवाज नव्हता. "बाहेर पडणारा माणूस कडी आठवणीने काढेल, यावर विसंबायचं कशाला? दारालाच स्प्रिंग बसवायची. आपल्या कंपायलरमध्ये तशी सोय आहे. मॅन्युअलच्या पार मागे दिलीय. कंसात एक व्हेरिएबल ठेवायचं आणि सांगून ठेवायचं की हे संपताना अमुक फंक्शन चालव. मग माणूस रिटर्नने जावो, ब्रेकने जावो, कडी निघतेच. मी खाली बेंचवर लावून बघितलं. तार उपटली, चाळीस वेळा. चाळीसही वेळा भोंगा वाजला."

साहेबांनी कागद वाचला, मग माझ्याकडे सरकवला. मी वाचला. बरोबर होता. माझ्या कडीचं रूप तसंच ठेवलं होतं, एकाही ठिकाणचा वापर बदलावा लागणार नव्हता. नऊ वर्षांत मला ते सुचलं नव्हतं, कारण शोधावंसं वाटलंच नव्हतं.

"छान आहे," साहेब म्हणाले, "पण भाऊ, झालं ते झालंच ना. कडीचा साधा नियम तुम्हाला..."

"साहेब, एक मिनिट," मी म्हटलं आणि माझा लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला. पहिली नोंद उघडली, तीन ओळींची. ती त्यांना वाचू दिली. मग दुसरी उघडली.

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. नाव, तारीख, कारण, सगळं पडद्यावर होतं, तरी त्यांनी विचारलं, "कुणी काढल्या?"

"मी."

"का?"

"वाईट दिसत होत्या."

भाऊ पडद्याकडे बघत होते. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावले असते तर मला बरंच वाटलं असतं. त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि त्या तीन ओळी उतरवून घेतल्या.

"त्यांना माहीत नसलेला नियम मोडला म्हणून भाऊंना घालवायचं असेल, तर तो नियम लपवला म्हणून मला आधी घालवावं लागेल," मी म्हटलं. आवाज चढला होता. "आणि तार ढिली होते हे आपल्यापैकी फक्त त्यांना माहीत होतं. आणि उपायही त्यांनीच आणलाय. मी दोन दिवस हे माहीत असून गप्प बसले होते, तेही लिहून घ्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. घालवलं कुणालाच नाही. भाऊ त्याच दिवशी कायम झाले. माझा होकार मात्र सहा महिन्यांसाठी काढून घेतला. मी दुसऱ्यांचे बदल वाचायचे नाहीत, आणि माझे बदल आधी दुसऱ्याने वाचायचे. कुणी, असं विचारल्यावर साहेब म्हणाले, "भाऊंनी. तुझा कोड त्यांच्याइतका नीट कुणी वाचलाय?" चिडून म्हणाले की गमतीने, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. रक्तपेढीला पत्र गेलं. त्यात कारण खरं लिहिलं होतं. पत्राखाली सही माझी होती.

सोमवारी मी भाऊंची स्प्रिंग कडीत बसवली. वर जुन्या तीन ओळी जशाच्या तशा परत घातल्या आणि बदल त्यांच्याकडे वाचायला पाठवला. मूठभर ओळींचा बदल, पण त्यांनी पूर्ण दुपार घेतली. समोरच्याच टेबलावर, वहीशी ताडून बघत. मी परीक्षेच्या निकालासारखी वाट बघत बसले होते.

पाच वाजता ते उठून माझ्या टेबलापाशी आले. होकार स्क्रीनवरून देता येतो, हे त्यांना सांगितलेलं होतं.

"मॅडम, कोड बरोबर आहे. पण या वरच्या तीन ओळींची आता गरज नाही. स्प्रिंग आहे, कुणी कसंही गेलं तरी कडी निघेल."

गरज नाही. मी मान खाली घातली. "काढू का मग?"

त्यांनी त्या ओळींवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"नको," ते म्हणाले. "स्प्रिंग का बसवली, हे पुढच्याला कळायला हवं. त्याखाली आणखी एक ओळ घाला. एकतीस पिशव्या गेल्या म्हणून."

मी ती ओळ घातली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली, होकार दिला आणि डबा उचलून घरी गेले. मीही निघाले. वाटेत दुकानात थांबून एक लाल पेन घेतलं.